मिठाचं पाणी

आमच्या गावात कुणाच्या घरी बाळंतपण झालं की तिसऱ्या दिवशी मी दारात हजर असते. अठरा वर्षं झाली आशाताई म्हणून काम करते. बाळाच्या नाळेला हळद लावलेली दिसली, राख लावलेली दिसली, की माझं डोकं फिरतं. सासवांना तोंडावर विचारते, "मावशी, नाळ म्हंजे काय कैरी हाय का, हळद-मीठ लावून ठेवायला?" बायका हसतात, पण ऐकतात. नाळ न्हाणीपाशी पुरायची, तिच्यावर दगड ठेवायचा, सव्वा महिना राखण करायची, ह्या सगळ्याला तर मी सरळ येडेपणा म्हणायची.

आता म्हणत न्हाय. आता गप बसते. का, ते सांगते.

दोन वर्षांमागं जानेवारीतली गोष्ट. आमचं गाव ढोकीपासून जवळच, चहूकडं ऊसच ऊस. आमचे मालक, बब्रुवान त्यांचं नाव, वय बावन्न, शेतात ट्रॉली भरून घेत उभे होते. सकाळचे नऊ वाजले असतील. छातीत जळजळायलंय म्हणून बांधावर टेकले. अंगाला दरदरून घाम. मी तिथंच होते. दहावी शिकलेली, खांद्याला औषधाची पिशवी, गावाला अक्कल शिकवणारी! म्या म्हणलं, "काल भरीत दाबून खाल्लं, पित्त उसळलंय." पित्ताची गोळी दिली, ओवा चावायला दिला, घरी आणून बाजेवर निजवलं. दोन वाजता ते म्हणले, "डावा हात माझा वाटंना गं," तवा कुठं माझे डोळे उघडले.

आधी धाराशिव, तिथून सोलापूर. चोंदलेली नळी उघडून आत स्प्रिंग बसवली. जीव वाचला. पण तिथल्या डॉक्टर शिवशरणांनी मला बाजूला घेऊन पडद्यावर हृदय दाखवलं. मागची भिंत हलत होती, पुढची नुसती गप पडून होती. "रक्त मिळालं नाही म्हणून एवढा भाग मेला, ताई," ते म्हणले. "हा परत उगवत नाही. पहिले पाच तास घरातच गेले, आणि तेच कामाचे होते."

पाच तास. ते पाचही माझे.

तवापासून घरात भीतीच राहायला आली. मालक न्हाणीपर्यंत गेले तरी मी मागं उभी. शर्टाची गुंडी लावताना त्यांना धाप लागायची. पाय सुजायचे, बोट दाबलं की खड्डा राहायचा. दुपारी त्यांचा जरा डोळा लागला की मी भाकरी तव्यावर तशीच टाकून छाती वरखाली होतीय का बघून यायची. लई भाकरी करपल्या त्या दिवसांत. ते म्हणायचे, "आगं, मेलो तर सांगंन की तुला, सारखी कशापायी येतीस?" आणि मी चिडायची, भांडायची, आत जाऊन रडायची.

ऑगस्टमध्ये डॉक्टर शिवशरण म्हणले, पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नवीन उपचाराची चाचणी चालू आहे. जिवंत पेशी वाढवून हृदयाच्या नळीतून आत सोडतात. मेलेल्या जागेला त्या आधार देतील, कदाचित. खात्रीनं अजून कुणीच सांगू शकत नाही.

"पेशी म्हणलं की मला कोर्टाची तारीखच आठवती, डॉक्टर," मालक म्हणले.

डॉक्टर हसले. मग त्यांनी कागदावर हृदय काढलं, मेलेल्या भागावर रेघा मारल्या, मधे बारीक ठिपके दिले. मालकांनी कागद फिरवून बघितला. "म्हंजे नांग्या भरायच्या," ते म्हणले. डॉक्टरांना कळंना. मग ह्यांनीच समजावलं, उसाच्या लावणीत जिथं कोंब फुटत न्हाय तिथं मोकळी जागा राहती, तिला नांगी म्हणायचं, आणि तिथं दुसरं जितं रोप आणून लावायचं.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणले.

"पण नांगी म्हैन्याच्या आत भरावी लागती. माझ्या नांगीला आठ म्हैने झाले." मग मालकांनीच विचारलं, "आन् रोप कुठलं आणायचं?"

"नाळेतलं. बाळंतपणानंतर नाळ फेकूनच देतात ना? ज्या आया परवानगी देतात, त्यांच्या बाळाच्या नाळेतून पेशी काढून वाढवतात. बाळाला काही होत नाही."

घरी येऊन म्या हे सासूबाईंना सांगितलं आणि त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. लक्ष्मीबाई त्यांचं नाव, पंच्याहत्तरी गाठली तरी आवाज खणखणीत. मालकांच्या आधी त्यांची दोन पोरं गेली, एक चाळीस दिवसांचं, एक तीन म्हैन्यांचं. दोघांची नाळ कुणीतरी उकरून नेली, असं त्या आजवर धरून बसल्यात. तिसऱ्या खेपेला मालक झाले तवा न्हाणीच्या दगडाखाली नाळ पुरून त्या सव्वा महिना त्याच दगडावर बसून राहिल्या. जेवायच्या पण तिथंच.

"ज्याची नाळ दुसऱ्याच्या कामी येती ते लेकरू वाळतं," त्या म्हणल्या. "कुणाचं तरी वाळवून माझं जगवायचं व्हय? आन् त्याच्या बदल्यात आपल्याच घरातलं गेलं तर?" एवढं बोलून त्यांनी दीपमालाकडं बघितलं.

दीपमाला आमची एकुलती एक लेक. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला दिलीय. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती, आठवा लागला होता. तिनं ओढणी पोटावर ओढून घेतली.

"आत्याबाई, पुरे करा!" मी कडाडले. "पोटुशी पोर समोर बसलीय आन् काय बोलताय? अठरा वर्षांत दोनशे बाळंतपणं बघितली म्या. नाळ कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाती आन् जाळून टाकतात. किती लेकरं वाळली, सांगा बरं?"

सासूबाई म्हणल्या, "तू पित्त म्हणलीस तवा बी असंच ठणकावून म्हणलीस."

मालक हळू म्हणले, "ऱ्हाऊ दे शिवकन्ये. आयला न्हाय पटत तर नको."

पण मी कशाची ऐकते! सासूबाईंच्या त्या एका वाक्यानं तर मी आणखीच पेटले. चार दिवस ह्यांच्या कानाशी लागले. म्हणलं, "पाच तास म्या घालवले. आता पाच मिन्टं बी घालवू देणार न्हाय. माझ्यासाठी चला." ते तयार झाले. पटलं म्हणून न्हाय, माझ्यासाठी झाले.

पुण्यात आमाला एका खोलीत बसवलं. समोर कॅमेरा लावला, कारण सही करताना माणसाला सगळं समजलंय ह्याचा पुरावा लागतो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. लई समजुतीनं बोलल्या. निम्म्या पेशंटांना पेशी देतात आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, सलाईन असतं ते. कुणाला काय मिळालं हे पेशंटला सांगत न्हाईत, डॉक्टरांना स्वतःला पण ठाऊक नसतं. आतलं दिसू नये म्हणून सुईवर पट्टी गुंडाळलेली असते. कुणाला काय दिलं ते लिहिलेलं पाकीट वर्षानं उघडायचं. तसं केल्याशिवाय उपचाराचा गुण खरा का मनाचा, हे कळत न्हाय.

"समजलं का, काका?"

"समजलं की. नांगी भरली का नुसतं पाणी सोडलं, ते पुढच्या वर्षी कळंल." आणि त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्यांना आत नेलं. जाताना माझा हात दाबला. हात थंडगार. दार लागलं. मी बाकावर बसले. बारा मिन्टं झाली असतील, आणि फोन वाजला. सासूबाईंचा होता. त्यांना फोन लावता येत न्हाय, म्हणजे कुणाकडून तरी लावून घेतला होता.

"दीपमालाला सकाळीच धाराशिवला आणलं," त्या म्हणल्या. "मुलगी झाली. रडंना गं ती. काळीनिळी पडलीय. काचंच्या पेटीत ठिवलीय. एक किलो सहाशे."

अजून सहा आठवडे होते की! कालच तर दीपमाला फोनवर हसत होती. मी काय विचारलं, काय बोलले, आठवत न्हाय. सासूबाईंचं तेवढं आठवतंय. "म्या नर्सला नाळ मागितली. ती म्हणली टाकली. शिवकन्ये, तिकडं बबरूला आत नेलं का गं?"

"नेलं."

"कवा?"

"आत्ताच."

फोनमधून नुसता त्यांचा श्वास यायला लागला. मग फोन बंद झाला.

आता तुमी म्हणाल, शिवकन्याबाई, तुमी शिकलेल्या. पुण्यातल्या पेशी कुठल्या कोण बाईच्या बाळाच्या, काही म्हैन्यांमागं काढलेल्या. त्यांचा धाराशिवच्या पोरीशी काय संबंध? मला काय ठाऊक न्हाय व्हय! सगळं ठाऊक होतं. मुदतीआधीचं मूल पहिल्यांदा रडत न्हाय हे पण ठाऊक होतं, शंभर जणींना म्याच धीर दिलाय. पण त्या बाकावर माझं एकही शहाणपण माझ्या मदतीला आलं न्हाय. मला दिसायला लागलं, की दाराच्या आत थेंब-थेंब पेशी ह्यांच्यात जातायत आणि तिकडं काचेत एक-एक श्वास कमी होतोय. मी दाराकडं तोंड करून हात जोडले आणि मोठ्यानं बोलले, बाजूच्या बाकावरच्या माणसानं वळून बघितलं एवढ्या मोठ्यानं.

"आई तुळजाभवानी, ह्यांच्यात पेशी नको जाऊ देऊ. मिठाचं पाणीच जाऊ दे. नुसतं मिठाचं पाणी."

बोलले, आणि मग मला कळलं की आपण काय मागितलं. जो माणूस माझ्या चुकीनं मरायला टेकला आणि माझ्या हट्टानं त्या टेबलावर निजला, त्याच्या जिवाविरुद्ध म्या हात जोडले होते. दार उघडलं तवा ह्यांना ढकलगाडीवरून बाहेर आणलं. ते हसून म्हणले, "काय न्हाय गं, मुंगी चावल्यावानी झालं." मी त्यांच्या तोंडाकडं बघू शकले न्हाय.

नात जगली. एकोणीस दिवस काचेत राहिली आणि घरी आली. आता बघा कशी टुणटुणीत हाय, नाव ईश्वरी ठेवलंय. सव्वा म्हैन्यानं दीपमाला तिला घेऊन वाशीला गेली. सासूबाई नाळेचा विषय पुन्हा कधी बोलल्या न्हाईत, पण पोरीची दृष्ट काढताना दर वेळी मुठीतल्या मीठ-मोहऱ्या आधी मालकांवरून उतरवायच्या, मग पोरीवरून. मी बघून न बघितल्यासारखं करायची.

आणि मालकांना गुण आला! खरंच सांगते. आधी वट्ट्यापर्यंत, मग मारुतीच्या पारापर्यंत, दिवाळीनंतर तर विहिरीपर्यंत चालायला लागले. तोंडावर तजेला आला. त्यांच्या मनानं पक्कं घेतलं की नांगी भरली. कुणाशी तावातावानं बोलायचं झालं की छातीवर हात ठेवून म्हणायचे, "हळू बोला रं, आत लेकरू हाय." ईश्वरीला टोपडं आणायला गेले तर दोन आणली. म्या विचारलं, "दुसरं कुणाला?" म्हणले, "ज्याची नाळ घेतली त्याला. त्याचा पत्ता न्हाय, तर अंगणवाडीत कुणाला तरी दे." म्या ते टोपडं नेऊन दिलं आणि वाटेत लिंबाखाली बसून राहिले.

कारण माझी भीती काही जात न्हवती. ह्यांना गुण येतोय म्हंजे पेशीच गेल्यात. म्हंजे माझं मागणं ऐकलं न्हाय. मग पोरीवरचं संकट टळलं का नुसतं लांबलं? असा सगळा येडा बाजार डोक्यात. ज्या दिवशी मालक विहिरीपर्यंत जाऊन यायचे, त्या दिवशी मी दीपमालाला फोन लावायची, "पोरीचं वजन किती झालं?" ती वैतागायची. "आई, परवाच तर सांगितलं! तुझ्या रजिस्टरला लागतंय का?" मी म्हणायची, व्हय, लागतंय.

जूनपासून मालकांना परत धाप लागायला लागली. औषधाच्या गोळ्या वाढवल्या. पाय सुजायला लागले. ते म्हणायचे, ऊन हाय म्हणून. म्या बोट दाबून खड्डा बघितला. ऑगस्टमध्ये वर्ष भरलं आणि आमी पुण्याला गेलो.

परत त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी तपासण्या केल्या, संगणकात बघितलं, चष्मा काढून ठेवला.

"काका, तुम्हाला मिठाचं पाणी दिलं होतं."

मालकांचा हात आपोआप छातीवर गेला, आणि तिथं काहीच न्हाय हे आठवल्यासारखा परत मांडीवर आला. "मग वर्षभर म्या कशाच्या जिवावर चाललो?" त्यांनी विचारलं.

"मनाच्या उभारीच्या. होतं तसं. औषधंही होती. पण हृदय आता थकत चाललंय, काका. पंपिंग साठाच्या जागी चोवीस टक्क्यांवर आलंय." मग बाई म्हणल्या, "ज्यांना पाणी मिळालं त्यांना आता पेशी देता येतात. ह्या वेळी पाकीट नाही, नक्की पेशीच. गुण येईलच असं मी म्हणणार नाही. धोकाही आहे. घ्यायच्या असतील तर उद्या सकाळी."

दवाखान्याच्या आवारात चहाची टपरी हाय, तिथं आमी बसलो. मालकांनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. माझं वर्षभर गिळलेलं एकदम बाहेर पडलं.

"मिठाचं पाणी म्याच मागितलं होतं," म्या म्हणलं. "तुमी आत होता. पोरगी रडंना असा फोन आला. म्या देवीला म्हणलं, ह्यांच्यात पेशी नको, पाणीच जाऊ दे." एवढंच बोलता आलं. पुढं नुसतं रडू.

मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगी जगली नव्हं?"

"जगली."

"मग बरं केलंस." बशी उचलायला गेले तर चहा पँटीवर सांडला. म्या पदरानं पुसायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तीस वर्षांत म्या त्यांना रडताना बघितलं न्हवतं. "पर मला मरायचं न्हाय, शिवकन्ये. लई भ्या वाटतंय मला. ज्या तोंडानं तू पाणी मागितलंस, त्याच तोंडानं आता पेशी माग. तुझं ऐकतीया ती."

मी मान हलवली. मागते म्हणलं.

सकाळी अकरालाच त्यांना आत नेलं. तेच दार, तोच बाक. जाताना त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. दार लागलं. मी दाराकडं तोंड केलं, हात जोडले. आई तुळजाभवानी, एवढं म्हणले आणि पुढं जीभच हलंना. मागच्या वेळी न ठरवता तोंडातनं निघालं होतं. आता मागायचं ठरवून आले होते, तर शब्द येईना. मिन्टं चालली होती. आत सुई गेली असंल, न्हाय तर जात असंल. म्या हात सोडले आणि फोन काढून दीपमालाला लावला.

"पोरगी कुठंय?"

"ही काय, समोर. डबे वाजवायलीय. बाबांना आत नेलं का? आई, काय झालं?"

"काय न्हाय. फोन तिच्याजवळ ठेव. बंद करू नको. मी सांगंपर्यंत चालूच ठेव."

तिनं फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग डब्यावर डबा. मग ईश्वरीचं आपलं काहीतरी, बा, बा, बा. म्या फोन कानाला घट्ट दाबून धरला, दुसरा हात छातीवर ठेवला आणि तिचा आवाज येत होता तोवर घाईघाईनं मागून घेतलं, "पेशी जाऊ दे, आई. ह्यांच्यात पेशी जाऊ दे." तिकडं डबा वाजायचा थांबला. मी श्वास रोखून ऐकत राहिले.